दुसरी चावी

"अक्का, केसातली पिन काढ," इन्स्पेक्टर म्हणाले.

ते कन्नडमध्ये म्हणाले. ठाण्यामागच्या मैदानात आम्ही ओळीने उकिडवे बसलो होतो. सकाळचे साडेदहा वाजले होते. दसरा दोन आठवड्यांवर आला होता. दरवर्षी दसऱ्याच्या आधी आमच्याकडे म्हैसूरला रौडी परेड होते. ज्यांच्या नावाची रौडी शीट, म्हणजे गुंड म्हणून नोंद, ठाण्यात उघडलेली आहे त्यांना बोलावून घेतात, उन्हात बसवतात, पत्ता, मोबाइल आणि धंदा विचारतात, दम देतात आणि सोडतात. त्याच दिवसांत राजवाड्यातले हत्ती रस्त्यावर चालण्याचा सराव करतात. लोक दोन्हीचे फोटो काढतात.

ओळीत मी एकटीच बाई होते.

इन्स्पेक्टरांनी माझ्यासमोर मातीत एक पितळी कुलूप ठेवलं. म्हणाले, "पेपरवाले आलेत. तुझी विद्या दाखव त्यांना."

मी पिन काढली. अंबाडा सुटला. केस पाठीवर, मग तोंडावर आले. हात कामात होते, त्यामुळे ते मागे सारता येईनात. कुलूप एका मिनिटाच्या आत उघडलं. कोणीतरी टाळ्या वाजवल्या. ओळीतले दोघेतिघे हसले, त्यातला एक मला ओळखणारा होता. फोटोग्राफर म्हणाला, चेहरा नीट आला नाही. इन्स्पेक्टरांनी कुलूप दाबून बंद केलं आणि पुन्हा मातीत ठेवलं.

मी ते दुसऱ्यांदा उघडलं.

हे आधी सांगितलं पाहिजे. मला कोणी मारलं नाही. कोणी हात पिरगाळला नाही. चेहरा नीट यावा म्हणून मी दुसऱ्यांदा उघडलं.

दुसऱ्या दिवशी तिसऱ्या पानावर फोटो आला. मोकळे केस, वाकलेली मान. खाली छापलं होतं: डुप्लिकेट चावीवाली. डुप्लिकेट चावी असलेल्या बाईला केसातली पिन कशाला लागते, हे छापणाऱ्याला सुचलं नाही. वाचणाऱ्यालाही सुचलं नाही.

आम्ही मराठी. आमचे पूर्वज म्हैसूरच्या फौजेत होते, एवढंच घरात सांगत. फौज गेली, माणसं राहिली. कोणी बस चालवली, कोणी शिवणकाम केलं. माझे वडील, आप्पा, कुलूप-चावीचं काम करत. मंडी मोहल्ल्यात एका धान्याच्या दुकानाच्या जिन्याखाली त्यांची जागा होती. लाकडी पेटी, कानशी, कोऱ्या चाव्यांचा जुडगा, एक मेणबत्ती. अकराव्या वर्षापासून मी शेजारी बसत असे. त्यांची नजर गेली तेव्हा मी त्यांच्या जागी बसले, आणि ते गेल्यावरही बसत राहिले. बाई चाव्या करते हे बघायला लोक थांबत. नंतर सवय झाली त्यांना.

आप्पांचे नियम होते. मालक समोर असल्याशिवाय कुलूप उघडायचं नाही. मालकाबरोबर एक शेजारी साक्षीला हवा. कुठलं कुलूप, कोणाचं, का उघडलं, हे वहीत लिहून सही घ्यायची. कुलूप तोडायचं नाही. आणि केलेली चावी मालकाच्या हातात द्यायची. चावीची दुसरी प्रत कारागिराने आपल्याकडे ठेवली, तर तो कारागीर नव्हे. आमच्या धंद्यात चोर म्हटलेलं एक वेळ चालतं. प्रत ठेवली म्हटलेलं चालत नाही. चोर एका घरात शिरतो. प्रत ठेवणारा गावातल्या सगळ्या घरांत शिरलेला असतो.

अग्रहारात, म्हणजे जुन्या ब्राह्मण वस्तीत, मराठी माणसांच्या एका मंडळाचा हॉल आहे. मंडळात शिक्षक, इंजिनिअर, बँकेतले लोक. आमची भाषा एक, पण त्यांची पुस्तकातली आणि आमची अर्धी कन्नड. मी लहानपणी तिथे "सुम्ने बसले" म्हटलं की त्यांच्या मुली हसायच्या. नुसतीच बसले, असं म्हणायला हवं होतं. गणपतीच्या जेवणात आमच्या घरचे लोक वाढायला असत आणि शेवटच्या पंगतीला बसत. तसं कोणी सांगितलेलं नव्हतं. तसं होतं.

हॉलच्या सामानाच्या खोलीला आप्पांनीच कुलूप बसवलं होतं. सात लिव्हरचं. चावी एकच केली. आणखी एक करून देऊ का, असं त्यांनी सेक्रेटरींना विचारलं होतं. मी तिथे होते. सेक्रेटरी श्रीपादराव म्हणाले, नको, एकच बरी, ती माझ्याकडे राहील. त्यांनी ती सदऱ्यात हात घालून जानव्याला बांधली. आप्पांना त्याचं कौतुक वाटलं. चावी सांभाळणारा माणूस, म्हणाले.

मग करोनाची दुसरी लाट आली.

ते दिवस सगळ्यांना आठवतात, म्हणून थोडक्यात लिहिते. सकाळी दहाला बाजार बंद व्हायचा. दुपारी बाराला रस्त्यावर कुत्रं नसे. माझा नवरा कृष्णराजनगरच्या गिरणीतून तांदूळ आणणारा टेंपो चालवायचा. चौथ्या दिवशी त्याला बोलताना मध्ये थांबावं लागायला लागलं. तीन दवाखान्यांनी परत पाठवलं. आशाताईने बोटाला लावायचं यंत्र दिलं होतं. त्यात चौऱ्याऐंशी आलं, मग ऐंशी.

मंडळाच्या खोलीत ऑक्सिजनची सहा मशीन्स होती. बाहेरगावच्या देणगीदारांनी पाठवलेली. येऊन आठ दिवस झाले होते, खोकी फोडलेली नव्हती. हे सगळ्यांना ठाऊक होतं, कारण मंडळाने खोक्यांचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर टाकला होता.

मी श्रीपादरावांच्या घरी गेले. फाटकाला आतून साखळी होती. ते वरच्या खिडकीत आले, तोंडावर दोन मास्क. मी खालून सांगितलं. ते म्हणाले, उद्घाटन व्हायचंय, पाहुण्यांची तारीख मिळाली नाही, कमिटीचा ठराव आहे. मी म्हटलं, काका, चावी खाली टाका, मी एक मशीन घेते आणि चावी आणून देते. हवं तर वर उभे राहून बघा.

ते म्हणाले, "तुम्हा लोकांना एक दिलं की रांग लागेल."

मग खिडकी लावून घेतली.

मी घरी जाऊन पेटी घेतली. हॉलसमोर फुलं विकणारी पद्मक्का मागच्या गल्लीत राहायची. तिचा नवराही तसाच पडला होता. तिला बोलावलं. माझे तुकोजीमामा, आईचे चुलतभाऊ, रिटायर्ड कंडक्टर, त्यांना बोलावलं. मालक नव्हता, म्हणून एकाच्या जागी दोन साक्षीदार. मला तेव्हा ते पुरेसं वाटलं.

दुपारचे बारा. मी खोलीच्या दारासमोर बसून कोरी चावी मेणबत्तीवर काळी केली, कुलपात घालून फिरवली, काढून खुणा बघितल्या, घासली, पुन्हा काळी केली. सव्वा तास लागला. मामा म्हणाले, "अगं, दगड घाल की त्यात." मी म्हटलं, कुलूप आप्पांचं आहे.

दोन मशीन्स घेतली. एक पद्मक्काला, एक मला. खोली पुन्हा कुलूपबंद केली. वहीत लिहिलं: वार, वेळ, कुलूप, कारण, मालकाकडे चावी मागितली, दिली नाही, चावी आज इथे बसून केली, काय नेलं. दोघांच्या सह्या घेतल्या. आणि केलेली चावी पाकिटात घालून श्रीपादरावांच्या टपालपेटीत टाकली. पाकिटावर माझं नाव लिहिलं.

आप्पांच्या नियमांतला एकही चुकवला नाही, अशा समजुतीत मी घरी गेले. कुलूप तोडलं असतं तर मी नवऱ्यासाठी वेडी झालेली बाई ठरले असते. लोकांनी तेवढं माफ केलं असतं. न तोडलेलं कुलूप आणि पाकिटातली चावी यांनी मला गुन्हेगार केलं.

नवरा चार दिवस जगला. पद्मक्काचा नवरा वाचला, अजून आहे.

अंत्यविधीनंतर सहाव्या दिवशी पोलीस आले. तक्रार श्रीपादरावांची होती. कुलूप शाबूत, चावी फक्त त्यांच्याकडे, तरी खोली उघडली गेली, तेव्हा मंडळातलेच काही लोक त्यांच्याकडे संशयाने बघायला लागले होते. त्यांना पाकिटातली चावी सापडली. त्यांनी पोलिसांना सांगितलं की ही हिच्या बापाने कुलूप बसवतानाच करून ठेवलेली दुसरी चावी.

पोलिसांनी माझ्याकडचं मशीन नेलं आणि वही जप्त केली. वही मराठीत. ठाण्यात मराठी वाचणारं कोणी नव्हतं. भाषांतर कोणाकडून करून घ्यायचं? मंडळाकडून. श्रीपादरावांनी पानभर मजकुराचं कन्नड करून दिलं. मला पुढे वकिलांनी त्याची प्रत दाखवली. चावी मागितली, दिली नाही, ही ओळ त्यात नव्हती. चावी आज केली, ही नव्हती. काय नेलं, ते सगळं होतं.

तुकोजीमामा त्याच महिन्यात गेले. पद्मक्काने सांगितलं की सही तिची नाही, तिला लिहिता येत नाही. तिला येतं. पोलीस आमच्याकडे आल्याचं कळताच मशीन तिने रातोरात परत केलं होतं. मी तिला विचारायला गेले तर तिने परडीकडे बघत म्हटलं, "नवरा वाचलाय गं आताच. त्याला कोर्टात उभा करू?" मी परत फिरले. तिच्या जागी मी काय केलं असतं, हे मी अजून ठरवलेलं नाही.

एका केसवर रौडी शीट उघडत नाहीत, असं वकील म्हणाले. माझी उघडली. कुलूप उघडता येणारी बाई मोकळी फिरणं धोक्याचं, असं कारण तोंडी सांगण्यात आलं. जिन्याखालच्या जागेवर बसायला बंदी झाली. तीही तोंडीच.

त्यानंतर मी काय करते, ते सरळ लिहिते. मी गुन्हे करते. वाट वाकडी करून लोक घरी येतात. घरमालकाने सामानासकट खोलीला कुलूप लावलेले भाडेकरू येतात. एक शिक्षिका आली होती, तिची सर्टिफिकेटं सासरच्यांनी कपाटात कोंडून ठेवली होती. सासरचे लग्नाला गेले त्या दिवशी मी ते कपाट उघडलं. मालक समोर नव्हता, साक्षीदार नव्हता, वहीत नोंद नाही. कायद्याने ती चोरी आहे आणि मी ती पुन्हा करीन. मी दाराकडे पाठ करून बसत नाही. अनोळखी माणसाला नाव सांगत नाही. कोणी चांगलं बोललं की आधी त्याच्या हातांकडे बघते. माझी मुलगी नेत्रा म्हणते, अम्मा, तू घरात पण पोलिसासारखी वागतेस. खरं आहे. तिला दोन घरांनी भाड्याची खोली नाकारली, एका ऑफिसने आईचं नाव वाचून फाइल बाजूला ठेवली. ती माझ्यावर ओरडत नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं.

फोटो छापून आल्यावर आठवड्याने श्रीपादराव आमच्या घरी आले. आयुष्यात पहिल्यांदा. खुर्चीच्या कडेवर बसले. नेत्राने कॉफी ठेवली, ती त्यांनी घेतली नाही, पण पेल्याला बोट लावलं, म्हणजे नाकारली असं होऊ नये. ते थकलेले दिसत होते. देणगीदार अजून पत्रं पाठवत होते: माणसं मरत असताना मशीन्स कुलपात का होती, आणि बंद कुलपातून दोन गेली कशी? पहिल्या प्रश्नाला त्यांच्याकडे उत्तर नव्हतं. दुसऱ्याचं मी द्यावं, असं त्यांना वाटत होतं.

नवरात्रात सातव्या दिवशी संध्याकाळी मंडळात आरतीनंतर मी माफीचं पत्र वाचायचं आणि सगळ्यांसमोर सही करायची. ते तक्रार मागे घेतील. वरच्या साहेबांशी बोलतील. शीट बंद होईल. मी जिन्याखाली पुन्हा बसू शकेन.

पत्र त्यांनी टाइप करून आणलं होतं. तीन वाक्यं. मी परवानगीशिवाय खोली उघडली. मी दोन मशीन्स नेली, त्याबद्दल मंडळाची माफी मागते. माझ्या वडिलांनी खोलीची दुसरी चावी करून स्वतःकडे ठेवली होती.

मी तिसऱ्या वाक्यावर बोट ठेवलं. ते म्हणाले, तेवढं असू दे, त्याशिवाय पत्राला अर्थ नाही.

ते गेल्यावर नेत्रा म्हणाली, "अम्मा, सुम्ने सही कर की. आप्पा कुठे बघायला येणार आहेत?"

मी हो म्हटलं. हे लपवत नाही. दोन दिवस मी ते पत्र भांडी घासताना पाठ करत होते. तिसरं वाक्य घरात सहज तोंडातून निघत होतं.

सातव्या दिवशी हॉल भरला होता. म्हैसूरकडे नवरात्रात मांडतात तशा बाहुल्यांच्या पायऱ्या मांडलेल्या, बायका पहिल्या तीन रांगांत. हळदीकुंकवाचं तबक फिरत आलं आणि माझ्यावरून पुढे गेलं. विधवेवरून ते जातंच. मी त्याचं वाईट वाटून घेतलं नाही, तेवढा वेळ नव्हता. श्रीपादरावांनी माइक दिला. म्हणाले, आपल्यातलीच एक भगिनी दोन शब्द बोलणार आहे.

मी पहिलं वाक्य वाचलं. ते खरं होतं. दुसरं वाचलं. माफी मागायला मला काही वाटलं नाही, ज्यांची मशीन्स होती त्यांची मी कधीही मागितली असती. तिसरंही वाचलं. आवाज हलला नाही. अख्ख्या हॉलने ऐकलं.

पहिल्या रांगेतल्या एक वयस्कर बाई शेजारणीला म्हणाल्या, हळू म्हणायचं म्हणून हळू, पण मला ऐकू येईल असं: "म्हणजे आपल्या घराच्या चाव्यापण असतील गं हिच्याकडे."

त्यांच्या घराचं कुलूप आप्पांनी दुरुस्त केलं होतं. शेजारणीच्या घराचंही. मी रांगांवरून बघितलं. त्या हॉलमधल्या निम्म्या घरांत आप्पांच्या हातच्या चाव्या होत्या. एका बाईचा हात कमरेच्या जुडग्याकडे गेला. मग दुसरीचा. मी उच्चारलेल्या एका वाक्याने माझा बाप त्या सगळ्या घरांत चोर म्हणून शिरत होता, आणि त्याला तिथे मी नेत होते. पोलिसांनी नाही. श्रीपादरावांनीही नाही.

श्रीपादरावांनी पेन पुढे केलं.

मी माइकवर म्हटलं, "तिसरं वाक्य खोटं आहे. मी आत्ता खोटं वाचलं."

 श्रीपादराव माइकपासून तोंड वळवून म्हणाले, "सही कर. गेलेल्या माणसाला आता काय फरक पडतो?"

"चावी त्या दिवशी तुमच्या जानव्याला होती," मी म्हटलं. "मी खाली उभी राहून मागितली. तुम्ही खिडकी लावलीत. हे यात लिहा, मी आत्ता सही करते."

त्यांनी पेनचं टोपण लावलं. कोणीतरी आरतीची घंटा उगाच वाजवली. पहिल्या रांगेतल्या बाई दुसरीकडे बघू लागल्या. हॉलमधला एकही माणूस उठून म्हणाला नाही की ही खरं बोलते आहे. पद्मक्का दाराशी गजरे घेऊन उभी होती, ती म्हणाली नाही. मी वाट बघितली.  मग पत्र टेबलावर ठेवलं आणि चपला घातल्या.

नेत्रा माझ्याबरोबर बाहेर आली. अग्रहारापासून घरापर्यंत आम्ही चालत गेलो. ती सगळी वाट दोन पावलं पुढे होती. दारात म्हणाली, "माझं काय होणार, ते तू विचारलंच नाहीस." मी विचारलं नव्हतं.  ती आता बंगळूरला मैत्रिणीकडे राहते. फोन करते, थोडा.

शीट उघडीच आहे. तक्रार आहे. तारखा पडतात.

दसरा झाल्यावर सोमवारी सकाळी मी पेटी घेऊन मंडी मोहल्ल्यात गेले. जिन्याखाली कोणी पोती टाकली होती. ती सरकवली आणि बसले. तासाभराने कॉन्स्टेबल आला. म्हणाला, तुला इथे बसता येत नाही, माहीत आहे ना? मी म्हटलं, लेखी आणा. तो म्हणाला, साहेबांना सांगतो. मी म्हटलं, सांगा.

तेव्हापासून रोज बसते. कधी कधी दिवसभर कोणी येत नाही. जे येतात ते आधी दोन्ही बाजूंना बघतात. दोनदा पेटी उचलून नेली, दोनदा मी ठाण्यात जाऊन पावती मागून परत आणली. परवा इन्स्पेक्टर स्वतः जीपमधून उतरले आणि म्हणाले, पुढच्या वेळी पेटी नेणार नाही, तुला नेईन.

न्या. सकाळी या, बाजार भरलेला असताना या. मी स्वतःच्या पायांनी जीपमध्ये चढणार नाही.